न निवडलेली माणसं आणि मनाची शांती

बाहेरून पाहणाऱ्याला चर्च म्हणजे नियमांचं घर वाटतं. रविवारी मिस्सेला, म्हणजे सामूहिक उपासनेला, जायचं, ठरलेल्या दिवशी उपवास करायचा, लग्नाआधी वर्गाला बसायचं, मूल झालं की त्याच्या स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) नोंद करायची. एवढ्या बंधनांत राहणारी माणसं मात्र सांगतात की इथे मोकळं वाटतं, शांत वाटतं. ऐकणाऱ्याला ते पटत नाही. बांधून घेतलं आणि मोकळं झालो, हे कसलं गणित?

ते समजून घ्यायचं तर दोन गोष्टी बघाव्या लागतात: ख्रिस्ती श्रद्धा सुटका म्हणते ती कशापासून, आणि ती सुटका धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, कुठल्या वाटेने पोहोचते. लेखाचा भर कॅथलिक पद्धतीवर आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांचं वेगळेपण जिथे महत्त्वाचं आहे तिथे येईल.

ख्रिस्ताचा सुरुवातीचा प्रचारक पौल याने गलतीकरांना, म्हणजे गलतिया भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना, पत्र लिहिलं ते इसवी सन 50 च्या आसपास. भांडण साधं दिसतं, पण मुळाशी जाणारं होतं. यहुदी नसलेली माणसं ख्रिस्ताच्या मागे आली, तर त्यांनी सुंता आणि इतर यहुदी नियम पाळायलाच हवेत का? काही जण म्हणत होते, हवेतच, त्याशिवाय देवाशी नातं पुरं होत नाही. पौल भडकला. ख्रिस्ताने तुम्हाला स्वतंत्र केलंय, आता पुन्हा जोखडाखाली मान घालू नका, असा त्याच्या सांगण्याचा रोख आहे. त्याचा राग नियमांवर नव्हता. नियम पाळून आपण देवाला आपल्या बाजूला वळवू शकतो, या समजुतीवर होता. तो म्हणत होता की देवाचं प्रेम आधीच मिळालेलं आहे, ते कमवायचं नाही. सुटका आहे ती या कमवण्याच्या ओझ्यापासून.

मनात प्रत्येकाची एक खतावणी उघडी असते. मी किती चांगला, किती वाईट, कुणापेक्षा बरा, अजून किती देणं बाकी. ख्रिस्ती शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या संदेशाचा, दावा असा आहे की ही खतावणी देवाच्या बाजूने मिटलेली आहे आणि माणूसच ती पुन्हा पुन्हा उघडून बसतो. दावा खरा की खोटा हा श्रद्धेचा प्रश्न झाला. पण तो मान्य करणाऱ्याच्या वागण्यात काय फरक पडतो, हे कुणालाही दिसू शकतं. स्वतःला सिद्ध करण्यात जाणारी ताकद दुसरीकडे वळू शकते. पौल त्याच पत्रात पुढे तेच सांगतो: मिळालेलं स्वातंत्र्य मनमानीला वापरू नका, प्रेमाने एकमेकांची सेवा करा. या वाक्याचा पहिला अर्धा भाग सगळ्यांना आवडतो. दुसरा बहुतेक वेळा गाळला जातो. मग एका बाजूला ‘देवाने माफ केलंय, आता काय वाटेल ते’ असा उथळपणा उरतो, नाहीतर दुसऱ्या बाजूला पुन्हा नियमांची दहशत.

प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरने 1520 साली एका छोट्या पुस्तिकेत हीच गोष्ट जोडीने मांडली: ख्रिस्ती माणूस सगळ्यांपासून स्वतंत्र आहे, कुणाचाही ताबेदार नाही, आणि तोच सगळ्यांचा सेवक आहे, सगळ्यांच्या अधीन आहे. देव माणसाला नीतिमान कसा ठरवतो यावरून पुढे पश्चिमेकडची ख्रिस्तसभा (चर्च) फुटली. 1999 साली कॅथलिक आणि लूथरन यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणूस स्वतःच्या पुण्याईवर नाही, देवाच्या कृपेने स्वीकारला जातो, या मूळ मुद्द्यावर दोघांनी एकमत नोंदवलं. बाकीचे मतभेद अजून आहेत.

आणखी एक बाजू ऑगस्टीनमुळे कळते. चौथ्या शतकातला हा हुशार शिक्षक स्वतःच्या आतल्या गुंत्याबद्दल लिहितो, तेव्हा वाचणाऱ्याला संकोच वाटावा इतका खरा असतो. त्याचं निरीक्षण असं: इच्छा वाकडी झाली की तिची वासना होते, वासनेला शरण गेलं की सवय होते, आणि सवय रोखली नाही की ती गरज होऊन बसते. म्हणजे माणूस आपल्याच इच्छेने स्वतःला साखळी घालतो आणि मग म्हणतो, मी मोकळा आहे, मला हवं ते करतो. तरुणपणी आपण ‘मला संयम दे, पण इतक्यात नको’ अशी प्रार्थना करायचो, हेही त्याने लिहून ठेवलंय. 387 साली ईस्टरला मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. व्यसनातून बाहेर पडलेल्या कुणालाही विचारा, ‘हवं ते करणं’ आणि ‘मोकळं असणं’ यांत केवढं अंतर आहे ते ऑगस्टीनइतकंच स्पष्ट सांगेल.

हे सगळं एकट्याने घरात बसूनही मानता येईल. मग धर्मग्राम कशाला?

1983 च्या कॅथलिक धर्मविधीसंहितेनुसार, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार, धर्मग्राम म्हणजे श्रद्धावंतांचा एक स्थिर समुदाय. बिशपांच्या अधिकाराखाली त्याची काळजी एका धर्मगुरूकडे सोपवलेली असते. सर्वसाधारण नियम असा की धर्मग्राम प्रदेशानुसार ठरतो, त्या हद्दीत राहणारे सगळे त्यातले. 1563 साली ट्रेंटच्या धर्मसभेने बिशपांना बजावलं होतं की लोकांची ठरावीक धर्मग्रामांत विभागणी करा आणि प्रत्येकाला त्याचा कायमचा धर्मगुरू द्या. मिस्सेसाठी दुसऱ्या चर्चमध्ये जायला बंदी नाही, पण माणसाचा धर्मग्राम कुठला हे साधारणपणे त्याच्या पत्त्यावरून ठरतं.

कारभाराच्या सोयीसाठी केलेल्या या नियमाचा एक परिणाम फार खोलवर जातो. धर्मग्रामातली माणसं आपण निवडलेली नसतात. मित्र निवडता येतात, छंदमंडळ निवडता येतं, फोनवरचे गट सोडता येतात. धर्मग्रामात शेजारच्या बाकावर बसतो तो आपल्याला न आवडणारा, वेगळ्या राजकीय मताचा, मोठमोठ्याने बेसूर गाणारा, कधीकाळी आपल्याशी भांडलेला माणूस. तो तिथे आहे, कारण त्यालाही तेच आमंत्रण आहे. आपण कमावलेलं नसेल, तर त्यानेही कमावलेलं नाही. कृपेची शिकवण इथे पुस्तकातून उतरून शेजारी येऊन बसते.

जर्मन लूथरन पाळक डिट्रिख बोनहोफर यांनी नाझी काळात फिंकेनवाल्डे इथे भावी पाळकांची एक शाळा चालवली. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ती 1937 साली बंद पाडली. तिथल्या सहजीवनावर त्यांनी नंतर लिहिलं, त्यात एक कठोर इशारा आहे: आदर्श समुदायाच्या स्वतःच्या स्वप्नावर ज्याचं प्रत्यक्ष समुदायापेक्षा जास्त प्रेम असतं, तो समुदाय मोडतो, त्याचा हेतू कितीही प्रामाणिक असो. धर्मग्रामात नव्या उत्साहाने येणाऱ्या प्रत्येकाने हे आधी वाचावं असं मला वाटतं. निराशा बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. इथे सगळे प्रेमळ असतील असं धरून माणूस आत येतो आणि पहिल्याच सभेत खुर्च्या कुणी मांडायच्या यावरून वाद ऐकतो.

पापनिवेदन: दारामागे नेमकं काय होतं

मोकळेपणाचा सगळ्यात ठोस अनुभव कॅथलिक माणूस सांगतो तो पापनिवेदनाचा, आणि बाहेरच्यांचा सगळ्यात मोठा गैरसमजही त्याचाच. सिनेमात दिसतं तसं काळोखं कपाट, जाळीमागचा फादर, कुजबुज. काहींना वाटतं ही दर आठवड्याची सूट आहे: पाप करा, सांगा, पुन्हा करा.

पद्धत नेहमी अशी नव्हती. सुरुवातीच्या शतकांत खून, व्यभिचार, श्रद्धात्याग अशा गंभीर पापांसाठी उघड आणि दीर्घ प्रायश्चित्त असायचं, आणि बाप्तिस्म्यानंतर ते आयुष्यात एकदाच मिळायचं. त्यामुळे कित्येक जण ते मरणाच्या दारापर्यंत लांबणीवर टाकत. सहाव्या-सातव्या शतकापासून आयरिश मठवासीयांनी वेगळी पद्धत युरोपभर नेली: खासगीत, एका धर्मगुरूपाशी, हवं तितक्या वेळा. 1215 च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करण्याचा नियम केला. जाळीचं कपाट तर सोळाव्या शतकातलं, मुख्यतः एकांतात होणाऱ्या गैरप्रकारांना आळा बसावा म्हणून आलेलं. 1973 साली विधी नव्याने मांडला गेला. आता समोरासमोर बसून बोलता येतं, पण ओळख न देता जाळीमागून बोलायचा हक्कही कायम आहे.

प्रत्यक्षात घडतं ते थोडक्यात असं. माणूस आधी स्वतःशी शांतपणे बसून आपलं वागणं तपासतो. मग आत जाऊन जे चुकलं ते नाव घेऊन सांगतो. ‘माझ्याकडून चुका होतात’ एवढं मोघम चालत नाही. ‘मी भावाचे पैसे दाबून ठेवले’ असं म्हणावं लागतं. धर्मगुरू काही विचारतील, दोन शब्द सांगतील, एखादी प्रार्थना किंवा कृती प्रायश्चित्त म्हणून देतील. मग ख्रिस्ताच्या नावाने पापमुक्तीचे शब्द उच्चारतात आणि माणसाला शांतीने निरोप देतात. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत सगळं होतं.

मोकळं वाटतं ते कशामुळे? श्रद्धावंताचं उत्तर, देव तिथे खरोखर क्षमा करतो. त्याशिवाय एक मानवी बाजूही आहे. आतल्या आत फिरणारी गोष्ट शब्दांत आली की तिला कडा मिळतात, ती मोजता येते. दुसऱ्या माणसाने ती ऐकली आणि तो उठून पळाला नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे तो विषय संपला असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. स्वतःच स्वतःला माफ करताना हे शेवटचं जमत नाही, कारण मन लगेच अपील करतं.

धर्मगुरूवर गुप्ततेचं बंधन पूर्ण आहे. ऐकलेलं त्याने थेट फोडलं तर तो आपोआप ख्रिस्तसभेतून बहिष्कृत होतो आणि तो बहिष्कार उठवण्याचा अधिकार फक्त रोमकडे असतो. ऐकलेल्या माहितीचा वापर त्या व्यक्तीला त्रास होईल अशा रीतीने करायलाही मनाई आहे.

‘सांगा आणि पुन्हा करा’ हा आक्षेप मात्र विधीच्या अटींतच निकालात निघतो. मनापासून पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय नसेल, तर क्षमा पोकळ ठरते. दाबलेले पैसे परत करावे लागतात. बदनामी केली असेल तर ती शक्य तितकी निस्तरावी लागते. गुन्हा केला असेल तर पापनिवेदनाने कायद्याची शिक्षा टळत नाही.

याची उलट बाजू कमी सांगितली जाते. काही जणांना पापनिवेदनानंतरही चैन पडत नाही. काही राहिलं का, नीट सांगितलं का, पश्चात्ताप पुरेसा होता का, असं मन कुरतडत राहतं. आध्यात्मिक परंपरेत या शंकाकुलतेला आजारच मानतात. पुढे जेझुइट संघ स्थापन करणारा इग्नेशियस लोयोला 1522 साली स्पेनमधल्या मनरेसामध्ये होता, तेव्हा तो यात पुरता अडकला. तीन दिवस लावून लेखी पापनिवेदन केलेलं, तरी तीच जुनी पापं तो पुन्हा पुन्हा सांगायचा. शेवटी धर्मगुरूने हुकूम दिला: अगदी स्पष्ट असल्याशिवाय जुनं काही सांगायचं नाही. अडचण अशी की इग्नेशियसला सगळंच अगदी स्पष्ट वाटायचं. भूतकाळातलं काहीही पुन्हा सांगायचं नाही असं त्याने स्वतः ठरवलं, तेव्हा सुटका झाली. लूथरही मठात असताना तासनतास पापनिवेदन करायचा आणि त्याचे वरिष्ठ योहान फॉन श्टाउपित्स त्याला ख्रिस्ताच्या दयेकडे बघायला सांगत. दोघांच्या वाटा पुढे पार वेगळ्या झाल्या, पण बंद झालेली खतावणी चोरून उघडण्याची खोड दोघांनाही होती. ज्याला असा त्रास होतो, त्याने एकच धर्मगुरू ठरवून त्याचं ऐकावं हा जुना सल्ला आहे. त्रास झोप उडवण्याइतका असेल, तर डॉक्टरकडेही जावं. मनाच्या आजारावर उपचार घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नाही.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत बहुधा असा संस्कार नसतो. रविवारी सगळे मिळून पापकबुलीची प्रार्थना म्हणतात, बाकी माणूस थेट देवाशी बोलतो. तरी याच परंपरेतले बोनहोफर एका विश्वासू बंधूपाशी कबुली द्यावी असा आग्रह धरतात. पाप माणसाला एकटं पाडतं आणि ते जितकं लपवावं तितकं एकटेपण वाढतं, असं त्यांचं कारण आहे.

शेजाऱ्याला शांती

मिस्सेत प्रभूच्या प्रार्थनेनंतर आणि ख्रिस्तप्रसादाच्या (पवित्र भाकरीच्या) आधी एक क्षण येतो. सगळे आजूबाजूच्यांकडे वळून ‘शांती’ म्हणतात. कुणी हात जोडतं, कुणी हात मिळवतं. नवख्याला ही मधली सुट्टी वाटते. पण इसवी सन 155 च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रोममधल्या ख्रिस्ती उपासनेचं वर्णन केलंय, त्यातही प्रार्थनेनंतर एकमेकांना चुंबनाने अभिवादन करण्याचा उल्लेख आहे. मुळाशी येशूचं मत्तयाच्या शुभवर्तमानातलं सांगणं आहे: वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये.

शांतीची ही कल्पना डोळे मिटून मिळणाऱ्या निवांतपणापेक्षा पुष्कळ खडबडीत आहे. इथे शांती म्हणजे तुटलेलं नातं जोडण्याचं काम, आणि ते भावनेची वाट बघत थांबत नाही. मनात राग असतानाही हात जोडायचे. हे ढोंग होत नाही का? माझ्या मते नाही, जर माणसाला ठाऊक असेल की ही सुरुवात आहे, पावती नाही. उलट मिस्सा संपल्यावर त्याच माणसाला टाळून मागच्या दाराने निघून जाण्याची सवय लागली, तर मात्र तो क्षण खरंच पोकळ होतो.

कामातून येणाऱ्या मोकळेपणाचंही असंच आहे. वाचन, गायन, झाडलोट, आजाऱ्यांच्या भेटी, हिशेब पाहणारी वित्त समिती (ती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे असा नियम आहे) अशी कामं वाटून घेतलेली असतात. पॅरिसमध्ये 1833 साली फ्रेडरिक ओझनाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सोबत्यांसह गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था उभी राहिली. आज असंख्य धर्मग्रामांत तिच्या शाखा आहेत. सभासद मदत घेऊन स्वतः घरी जातात, बसतात, बोलतात. आपल्याच दुःखाभोवती फिरणाऱ्या माणसाला असा एक तास स्वतःच्या बाहेर काढतो. तेवढ्यासाठीच हे काम करावं असं नाही, पण परिणाम होतो.

आता कडू भाग. धर्मग्राम माणसाचं स्वातंत्र्य हिरावूनही घेऊ शकतो. घटस्फोटित बाई बाकावर बसली की मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते. एखादा धर्मगुरू सल्ला आणि हुकूम यांतली रेघ पुसतो. ‘देवाची इच्छा’ हे शब्द स्वतःच्या इच्छेसाठी वापरले जातात. सगळ्यात भयंकर म्हणजे लैंगिक अत्याचार आणि ते झाकणं, ज्याने ख्रिस्तसभेची जगभर नाचक्की झाली आणि असंख्य माणसांची आयुष्यं मोडली. 2019 साली पोप फ्रान्सिस यांनी नियम केला की अशी माहिती मिळालेल्या धर्मगुरूंनी आणि व्रतस्थांनी ती वरिष्ठांना कळवलीच पाहिजे आणि धर्मप्रांतांत तक्रारीची सोय असलीच पाहिजे. धर्मविधीसंहिता सांगते की कुणालाही श्रद्धा स्वीकारायला भाग पाडता येत नाही, लग्न किंवा व्रतस्थ जीवन निवडताना जबरदस्ती चालत नाही, कुणाची अब्रू आणि खासगीपण यांना धक्का लावता येत नाही. त्यामुळे दबावापुढे ‘नाही’ म्हणणारा माणूस बंडखोर ठरत नाही, तो ख्रिस्तसभेच्याच कायद्यावर उभा असतो. जिथे प्रश्न विचारायला भीती वाटते, हिशेब दाखवले जात नाहीत, एका माणसाशिवाय पान हलत नाही, तिथे शांतता असेल. ती शुभवर्तमानातली शांती असेलच असं नाही.

मनातल्या शांतीचं काय? ती सतत जाणवायला हवी अशी अपेक्षा ठेवली तर फसगत होते. मदर तेरेसांची खासगी पत्रं 2007 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की त्यांनी आयुष्याची कित्येक दशकं देव जवळ असल्याची जाणीव नसतानाच काम केलं. इग्नेशियसचा या बाबतीतला नियम फार व्यवहारी आहे: मन उदास आणि कोरडं असताना आधी केलेले चांगले निश्चय बदलू नका. प्रार्थना थोडी वाढवा, कुणाशी तरी बोला, थांबा. हीही वेळ जाते. अशा कोरड्या काळात धर्मग्रामाचा उपयोग अगदी रोकडा असतो. आपल्याला प्रार्थना सुचत नसते तेव्हा बाजूचे शंभर जण ती म्हणत असतात, आणि त्यांच्यात नुसतं उभं राहिलं तरी चालतं.

ख्रिस्ती नसलेल्या कुणालाही मिस्सेला येऊन मागे बसता येतं. ख्रिस्तप्रसाद तेवढा घ्यायचा नसतो. प्रौढाला बाप्तिस्मा घ्यायचा असेल तर तयारीचा काळ मोठा असतो, अनेक महिन्यांचा, आणि शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणायची मुभा असते. लहानपणी सगळं केलं आणि मग वर्षानुवर्षं फिरकलोच नाही, अशा माणसांची अडचण वेगळीच असते. पापनिवेदनाला जायचं तर शब्दच आठवत नाहीत, याची त्यांना लाज वाटते. शब्द पाठ असण्याची गरज नाही. ‘फादर, खूप वर्षं झाली, कसं करायचं ते विसरलोय’ एवढं म्हटलं की पुढचं एकेक पाऊल सांगणं हे त्यांचं काम आहे.